पानाबाहेरची माणसं

फाल्गुनातल्या एका रविवारी, जेवून जरा पाठ टेकली तोच गावाकडच्या यात्रा कमिटीतल्या एका पोराचा फोन आला. आधी तब्येतपाणी झालं. अण्णा, म्हणजे माझे वडील, कसे आहेत, पुण्यात ऊन किती, कॅनॉलला पाणी सोडलंय का नाही, सगळं झालं. मग घसा खाकरून तो म्हणाला, "ताई, राग मानू नका, पण यात्रेच्या पत्रिकेची फाईल अण्णांनी लॉक करून ठेवलीय. तेवढा पासवर्ड विचारून सांगता का?" कराडात ज्याच्याकडे काम दिलं होतं त्या ऑपरेटरकडे फाईल उघडत होती, पण अक्षरांना हात लावू देत नव्हती. तारीख बदलायची होती, सरपंच बदलले होते, कुस्त्यांच्या इनामाचे आकडे वाढले होते आणि तिघांना कै. लावायचं होतं. बास, एवढंच. मी म्हटलं, पाठव इकडे, बघते.

माझ्या लॅपटॉपवर कोरल, म्हणजे ज्यात असल्या पत्रिका बनवतात ते सॉफ्टवेअर, नाही. मी मोबाइल ॲपचे पडदे डिझाइन करते, आमच्याकडे कोरलची सीडीआर फाईल कुणी पाठवत नाही. पण इंकस्केप हे तसलंच फुकटचं सॉफ्टवेअर होतं, त्यात ओढून टाकली आणि उघडली की. लाल-पिवळी चौकट, मधोमध गणपती, त्याच्याखाली भैरवनाथ, दोन्हीकडे समया, छबिन्याची वेळ, कुस्त्यांचं जंगी मैदान, लोकनाट्य तमाशा आणि खाली मुंगीच्या पावलांनी वर्गणीदारांची तीनशे-साडेतीनशे नावं. एका नावावर क्लिक केलं. कर्सर लुकलुकायच्या ऐवजी त्या नावाच्या कडेकडेनं बारीक ठिपके उगवले. एकेका 'क्ष'ला पाच-पन्नास ठिपके. मी त्याला फोन लावला आणि शहाण्यासारखं सांगितलं, "लॉक नाहीये रे. कर्व्ह केलेली आहे. म्हणजे अक्षरांची चित्रं झालीत. पासवर्ड वगैरे काही नसतो त्याला."

"मग बदलता येत न्हाय?"

"नाही."

"म्हणजे तेच की, ताई."

म्हणजे तेच की. फोन ठेवल्यावर हे तीन शब्द काही जाईनात. गॅलरीत अण्णा भिंग घेऊन पेपर वाचत बसले होते. त्यांना सांगितलं तर आधी हसले. "लॉक? मला लॉक करता येतं होय?" पण संध्याकाळच्या चहाला ते बोलले नाहीत. बशीत चहा ओतला आणि त्याच्यावर साय धरेपर्यंत तसाच ठेवला. गावात "सगळे म्हणतात" हे त्या पोरानं मला सांगितलं होतं, ते मी त्यांना सांगितलं नव्हतं. पण त्यांना ते कळलं असावं. मला टोचत होतं ते वेगळंच. पोरगा तांत्रिकदृष्ट्या चूक होता आणि बाकी सगळ्या दृष्टीनं बरोबर होता, आणि हे मला लहानपणापासून माहीत होतं.

कराडच्या शनिवार पेठेत अण्णांचं दहा बाय बाराचं दुकान होतं. त्याआधी ते एका ट्रेडल छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचे. डाव्या हातात स्टिक, उजव्या हाताची बोटं न बघता खणाखणातून फिरायची, आणि अक्षरं सगळी उलटी. घरी ते आम्हाला पेपर उलटा धरून वाचून दाखवायचे आणि आम्हाला वाटायचं ही जादू आहे. १९९८ साली पतसंस्थेचं कर्ज काढून त्यांनी कॉम्प्युटर घेतला तेव्हा ते चाळिशी ओलांडलेले होते. माऊस पहिल्यांदा हातात घेतला तो साबणाच्या वडीसारखा, सगळ्या बोटांनी. मला ते दुकान वासानं आठवतं. स्क्रीन प्रिंटिंगच्या शाईचा आणि थिनरचा डोक्यात जाणारा वास, लेझर प्रिंटरमधून नुकत्याच निघालेल्या गरम बटर पेपरचा वास, लग्नसराईत कार्डांची चमकी इतकी की बाजरीच्या भाकरीवरही सोनेरी कण दिसायचे. पंखा लावायचा नाही, कागद उडतात. मॉनिटरच्या काचेजवळ हात नेला की हातावरचे केस उभे राहायचे. आणि कोरल उघडताना दिसायचा तो रंगीत फुगा, माणसं बसून आभाळात जातात तसला. तो फुगा कॅनडातल्या ओटावा शहरातून निघालेला आहे, १९८९ सालच्या जानेवारीत पहिल्यांदा विकायला आला, त्या कंपनीचं नाव मालकाच्या आडनावाची आणि 'रिसर्च लॅबोरेटरी'ची आद्याक्षरं जोडून झालंय, हे मी फार नंतर वाचलं. तेव्हा मला तो फुगा कराडचाच वाटायचा. एसटी स्टँडपासून दत्त चौकापर्यंत प्रत्येक डीटीपीवाल्याच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवून देणाऱ्याच्या, टेबलावर तो होताच.

पडद्यावरची अक्षरं वाकवायची कशी हे अण्णांनी मला त्याच दुकानात शिकवलं. कुठलाही बाक म्हणजे दोन टोकं आणि दोन दांड्या. टोक जागेवर राहतं, दांडी ओढली की रेघ तिच्याकडे कलते. मला पुढं कॉलेजात ह्याला बेझिए कर्व्ह म्हणतात असं कळलं. पियेर बेझिए हा फ्रेंच माणूस रेनॉच्या कारखान्यात मोटारींचे पत्रे कसे वळवायचे हे कॉम्प्युटरला समजावत होता, त्यातून ह्या रेघा जगभर माहीत झाल्या. गंमत म्हणजे त्याच्याआधी, १९५९ साली, सित्रोएन ह्या दुसऱ्या मोटार कंपनीत पॉल द कास्तेल्जो ह्या गणितज्ञानं हेच काढलं होतं. पण कंपनीनं ते कित्येक वर्षं बाहेर जाऊ दिलं नाही आणि नाव बेझिएचं झालं. मोटारीच्या मडगार्डासाठी काढलेलं गणित आमच्या दुकानात वेलांटीला लागायचं. अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बघ, त्यांनीपण ओपन फाईल दिली नाही."

ओपन फाईल, म्हणजे अक्षरं बदलता येतील अशी मूळ फाईल. डीटीपीच्या धंद्यात वाढलेल्या कुणालाही ह्या दोन शब्दांवरून झालेली भांडणं आठवतील. गिऱ्हाईक कार्ड छापून घ्यायचं, पैसे देताना घासाघीस करायचं आणि जाता जाता म्हणायचं, जरा ती ओपन फाईल पेनड्राईव्हवर टाका. म्हणजे पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानात जाऊन नावं बदलून पन्नास रुपयांत काम. अण्णा शांतपणे म्हणायचे, "भाकरी घेऊन जावा. काटवट कशाला मागताय?" आणि कर्व्ह केलेली फाईल द्यायचे. कंट्रोल ए, कंट्रोल क्यू. सगळं निवडायचं आणि सगळी अक्षरं वितळवून टाकायची. ही फाईल कुठल्याही छापखान्यात उघडते, फॉन्ट असो नसो, मात्रा हलत नाही, रफार उडत नाही. कारण हलायला तिथं अक्षरच उरलेलं नसतं. प्लेट काढणाऱ्याला अशीच फाईल लागते, तेव्हा ह्यात अण्णांचा काही कावा होता असं नाही. पण कावा नव्हता असंही नाही. धंद्याची सोय आणि धंद्याची मेख एकाच बटणावर होती. मी तरी कुठं वेगळं करते? ऑफिसात गिऱ्हाइकाला फक्त बघण्यापुरती लिंक पाठवते, मूळ फाईल नाही. फक्त त्याला आम्ही पॉलिसी म्हणतो.

ह्या बटणानं एकदा त्यांचाही घात केला होता. २००६ ची गोष्ट असेल, भारनियमनाचे दिवस. दिवसातले दहा-बारा तास वीज नाही, युपीएस पिऽप पिऽप करत दहा मिनिटं जीव धरणार. अण्णांना दर दोन मिनिटांनी कंट्रोल एस दाबायची इतकी सवय लागली होती की जेवतानाही त्यांची करंगळी हलायची. त्या रात्री त्यांनी यात्रेची पत्रिका कर्व्ह केली, आणि दुसऱ्या नावानं ठेवायच्या आधी सवयीनं करंगळी हलली. युपीएसनं मान टाकली. सकाळी उघडलं तर मूळ फाईलच चित्र होऊन बसलेली. सगळी नावं त्यांनी पुन्हा टाइप केली, कागदावरून, पेट्रोमॅक्स लावून केलेल्या गणितासारखी, एकेक. आईनं दोनदा डबा पाठवला, दोन्ही वेळा तसाच परत आला. तेव्हापासून ओपन फाईलच्या त्यांच्याकडे तीन-तीन प्रती असायच्या आणि त्या कुठं आहेत ते फक्त त्यांनाच ठाऊक असायचं.

तर मी त्या पोराला कबूल केलं, थांब दोन-चार दिवस, तुला ओपन फाईलच शोधून देते, दरवर्षीची कटकट नको. अण्णांना न विचारता कबूल केलं हे इथं सांगून टाकते.

२०२० साली दुकान बंद झालं तेव्हा जुना सीपीयू आम्ही माळ्यावर टाकला होता, चादरीत गुंडाळून. तो खाली काढला तर चादरीलाही थिनरचा वास येत होता, किंवा मला तसं वाटलं. आतली हार्डडिस्क जुन्या रुंद पट्टीच्या वायरची, ४० जीबीची. आजच्या लॅपटॉपला ती जोडायची तर मधला कन्व्हर्टर हवा. तपकीर गल्लीत तिसऱ्या दुकानात मिळाला. दुकानदारानं विचारलं, "लग्नाचे फोटो का मॅडम?" जुनी डिस्क घेऊन येणाऱ्या माणसाचं बहुतेक तेच असणार. घरी जोडली तर आधी टक्, टक्, टक् असा आवाज आला. माझ्या पोटात गोळा. अण्णा शेजारी उभे होते, म्हणाले, "ती तशीच करते. जरा दम धर." आणि खरंच, दळणाची चक्की लांबून सुरू व्हावी तसा घरघराट सुरू झाला आणि फोल्डर दिसले.

फोल्डर म्हणजे काय, बाजार. 'यात्रा फायनल', 'यात्रा फायनल २', 'यात्रा फायनल खरी', 'यात्रा नवी जुनी', आणि 'बॅकअप ऑफ' अशी सुरुवात असलेल्या, कोरलनं आपणहून ठेवलेल्या प्रती. दहाएक फायलींपैकी सहा उघडेचनात. मग मी हेक्स एडिटर काढला, म्हणजे फाईलचं पोट फाडून आतले आकडे दाखवणारं हत्यार. सीडीआर हा बंद मालाचा प्रकार. आत काय कसं रचलंय ते ज्यानं बनवलं त्यालाच ठाऊक, तरी पहिली काही अक्षरं बरंच बोलून जातात. तीन नंबरपासून तेरापर्यंतच्या कोरलची फाईल उघडली की सुरुवातीलाच इंग्रजी आर-आय-एफ-एफ ही चार अक्षरं दिसतात. गाण्याच्या वेव्ह फाईललाही हीच चार असतात, डबा तोच, आतला खाऊ वेगळा. मग चार घरं सोडून सी-डी-आर आणि त्यापुढं आवृत्तीची खूण, नवाला ९, बाराला सी. २००८ साली आलेल्या एक्स-फोरपासून, म्हणजे चौदा नंबरपासून, मात्र फाईल म्हणजे चक्क झिप असते आणि पहिली दोन अक्षरं पी-के, ती झिपवाल्या फिल कॅट्झच्या नावाची. ह्याचा फायदा असा की नव्या सीडीआरनं दगा दिला तर शेपटीचं नाव बदलून झिप करायचं आणि उघडायची, आत निदान पानाचं छोटं चित्र तरी हाताला लागतं. त्या पोरानं पाठवलेली फाईल पी-के होती. म्हणजे कराडच्या ऑपरेटरनं ती आपल्याकडे उघडून पुन्हा सेव्ह केलेली. अण्णांच्या डिस्कवरच्या बहुतेक सगळ्या आर-आय-एफ-एफ. आणि दोन फायलींत पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसते शून्य, शून्य, शून्य. आकार बरोबर, नाव बरोबर, तारीखही बरोबर. भारनियमनाच्या दिवसांतली. त्या मी बंद केल्या. शून्यातून काही परत येत नाही.

शेवटी 'यात्रा नवी जुनी' ह्या, कुणालाही नको वाटेल अशा नावाच्या फाईलनं इंकस्केपमध्ये डोळे उघडले. ती उघडली ह्यातही कुणाकुणाचे हात आहेत. फ्रिड्रिख श्त्रबा आणि वालेक फिलिपॉव्ह ह्यांच्यासारख्या माणसांनी असल्या फायली आकड्याआकड्यानं उकलत, कुठला आकडा हलवला की कुठली रेघ हलते हे बघत, ह्या बंद प्रकाराची किल्ली बाहेरून घडवली. २०१२ साली ती लिब्रेऑफिस ह्या फुकटच्या ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये आली आणि पुढं इंकस्केपमध्येही. पगार कोरलचा नाही, नकाशा कोरलचा नाही. त्यांनी कधी भैरवनाथाच्या यात्रेची पत्रिका पाहिलेली असायचं कारणच नाही.

उघडली, पण वाचता येईना. टोपी घातलेला इंग्रजी ए, डोक्यावर दोन टिंबांचा ओ, पौंडाचं चिन्ह, उलटं प्रश्नचिन्ह, अर्धा चंद्र. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी हे लिखाण पाहिलेलं आहे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला नंबर, रुळायच्या आधीचे आपले मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजीच्या घरात राहणारे पोटभाडेकरू. दारावर पाटी 'ए'ची, आत राहतोय 'क'. त्यातही फॉन्ट बनवणारे वेगवेगळे, श्रीलिपीचा 'क' एका खोलीत, आकृतीचा दुसऱ्या, एपीएसचा तिसऱ्या, सी-डॅकचा आणखी कुठं. तो फॉन्ट गेला की मराठी गेली, उरल्या त्या पाट्या. मी डिस्कच्या फॉन्टच्या फोल्डरमधून ती जुनी फाईल काढली, बसवली, कोरलची १५ दिवसांची चाचणी आवृत्ती उतरवून घेतली आणि पुन्हा उघडलं. पडदा क्षणभर पांढरा झाला. मग पहिल्या ओळीत '॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥' आलं आणि माझ्या मागं अण्णांनी खुर्ची जवळ ओढली.

तरी पुरतं नाहीच. कुठं रफार नाही, कुठं जोडाक्षराच्या जागी रिकामी खिडकी. जुन्या फॉन्टनं ज्या खोल्या वापरल्या होत्या त्यातल्या काही नव्या विंडोज भाड्यानं देत नाही, असा प्रकार. एकट्या 'श्री'नं सुरू होणाऱ्या नावांतच पंधरा भोकं. मी अण्णांना विचारलं, "हे अक्षर कसं काढायचात?" ते म्हणाले, "ऑल्ट दाबून शून्य..." आणि थांबले. शून्य, एक... नाही. शून्य, दोन... कपाळाला आठ्या. वीस वर्षं रोज केलेली गोष्ट तोंडाला येईना. ते चिडले स्वतःवर. मग मी बघितलं, त्यांचा उजवा हात टेबलाच्या कडेवर हलत होता. टक, टक, टक, टक. बोटांना ठाऊक होतं, तोंडाला नव्हतं. लॅपटॉपला आकड्यांची वेगळी फळी नव्हती. संध्याकाळी मी जाऊन साडेतीनशे रुपयांचा मोठा कीबोर्ड घेऊन आले, त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी भिंग बाजूला ठेवलं, डोळे जवळजवळ मिटले, डाव्या अंगठ्यानं ऑल्ट दाबलं आणि उजव्या हातानं चार बटणं. रफार आला. पुन्हा चार, जोडाक्षर आलं. मी आकडे वहीत उतरवून घेत होते, तर म्हणाले, "बोलू नको मध्ये, चुकंल." खिळे जुळवताना ते असेच दिसत असणार. मी तेव्हा जन्मले नव्हते.

रात्री साडेदहाला पान पुरं झालं. अण्णा म्हणाले, "एकदा शिफ्ट एफ-फोर दाब, पान बघू." माझं बोट नुसतं एफ-फोरवर पडलं.

शिफ्टनं फक्त पान दिसतं. नुसत्या एफ-फोरनं फाईलमध्ये जे जे आहे ते सगळं दिसतं. पान आकसून मध्ये पोस्टाच्या तिकिटाएवढं झालं आणि त्याच्या चहूबाजूंनी, पडद्याच्या कडेपर्यंत, नावं. डीटीपी करणारे सगळेच पानाबाहेर काहीबाही ठेवतात, जास्तीचा गणपती, रंगाचे चौकोन, नंतर लागेल म्हणून एखादा मजकूर. छापताना ते येत नाही. इंकस्केपमध्येही मला पानाबाहेर काहीतरी दिसलं होतं, पण पौंड आणि टोप्यांच्या गर्दीत मी ते सोडून दिलं होतं. आता ते मराठीत होतं. एका बाजूला नुसतं 'कै.', 'कै.', 'कै.' अशी तयार करून ठेवलेली चळत, देवळाबाहेर नारळ मांडून ठेवावेत तशी. दुसऱ्या बाजूला नावांचे घोस आणि प्रत्येकावर अण्णांच्या बारीक अक्षरातली टीप. 'वर्गणी बाकी.' 'भावानं काढायला सांगितलं.' 'बांधाची केस चालू.' 'मुंबईला गेले, विचारा.' 'समजूत झाली, २०११ ला आत घेतले, २०१४ ला परत बाहेर.'

"ते राहू दे," अण्णा घाईनं म्हणाले. "ते आपलं आपल्याला."

मी हसायला लागले होते. अख्ख्या गावाची भाऊबंदकी एका फाईलच्या समासात. ओपन फाईल का देत नव्हते ह्याला आणखी एक कारण निघालं होतं, आणि ते पन्नास रुपयांचं नव्हतं. कर्व्ह करून देताना ते पानाबाहेरचं सगळं पुसून मगच द्यायचे. कुणाचं नाव कुणाच्या सांगण्यावरून निघालं हे गावाला कळायचं नाही. मी उजवीकडे सरकत गेले, आणि अगदी कोपऱ्यात चार नावं दिसली, एकत्र ग्रुप करून ठेवलेली. एकाच घरातली. टीप दोनच शब्दांची होती. 'सध्या नको.'

ह्या घरातली मुलगी माझ्या वर्गात होती. तिनं शेजारच्या गावातल्या, दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न केलं आणि मग त्यांच्या घरची यात्रेची वर्गणी कुणी घ्यायला गेलं नाही. बास, एवढंच झालं. कुणी काही बोललं नाही, पाणी तोडलं नाही, दगड मारला नाही. फक्त पालखी त्यांच्या दारावरून जाताना थांबायची ती थांबेना, आणि पत्रिकेत नाव येईना. वाळीत टाकण्याविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात २०१६ साली मंजूर झाला. पण वर्गणी न मागणं हा गुन्हा कुठल्या कलमात बसवणार? मला हे सगळं ऐकून ठाऊक होतं. ते नाव काढणारा हात कुणाचा, हा विचार मात्र मी कधी केला नव्हता. माऊस साबणाच्या वडीसारखा धरणारा तो हात.

"तुम्ही काढलंत?" मी विचारलं.

"कमिटीनं सांगितलं." मग बऱ्याच वेळानं, "डिलीट नाही केलं."

ह्यावर काय बोलावं ते मला अजूनही सुचलेलं नाही. डिलीट केलं नाही हे खरं होतं. चार नावं दहा-बारा वर्षं त्या काळोख्या कोपऱ्यात, एकमेकांना बांधलेली, एकाही मात्रेला धक्का न लागता शाबूत होती. आणि त्या दहा-बारा यात्रा त्यांच्याविना झाल्या हेही खरं होतं, आणि पत्रिकेच्या तळाशी 'मुद्रण' म्हणून आमच्या दुकानाचं नाव होतं. मला त्यांच्यावर रागवायचं होतं. पण समोर बसलेल्या माणसाला साधा रफार काढायला डोळे मिटावे लागत होते. त्या वर्षी कमिटीला नाही म्हटलं असतं तर यात्रेचं काम गेलं असतं, त्याच्यामागून गावातली लग्नं गेली असती. माझी फी तेव्हा भरायची होती. हा हिशोब मी मनात मांडला आणि मलाच तो आवडला नाही.

अण्णांनी बोटानं पडद्याला स्पर्श केला, त्या चार नावांना, मोबाइलवर करतात तसा. "ह्यातली दोघं गेली," ते म्हणाले. "कै. लावावं लागंल." मी बाजूच्या चळतीतला एक 'कै.' उचलून आणला, मग दुसरा. त्यांनी ग्रुप सोडायला सांगितला, कंट्रोल यू. चार नावं सुटी झाली. "आता आत घे. आडनावाच्या क्रमानं. तिसऱ्या रकान्यात जागा होईल, खालच्या ओळी जरा सरकव."

"कमिटीला विचारायला नको?"

"काढताना त्यांनी लेखी दिलं होतं का?"

मी नावं आत ओढली. ओळी सरकल्या. तळाशी एक नाव चौकटीवर चढायला लागलं, तर अण्णांनी अक्षराचं माप अर्धा पॉइंट कमी करायला लावलं, सगळ्यांचंच, म्हणजे कुणाला कळायचं नाही. सरपंच बदलले, तारीख बदलली, कुस्त्यांची इनामं वाढवली, त्या पोरानं सांगितलेल्या तिघांना कै. लावलं. पानाबाहेरचं बाकी सगळं निवडून पुसलं. कराडच्या ऑपरेटरकडे एक्स-सेव्हन आहे, नवी फाईल त्याच्याकडे उघडणार नाही, म्हणून सेव्ह ॲजमध्ये जुनी आवृत्ती निवडायला मी खिडकी उघडली. पोराला ओपन फाईल कबूल केली होती. आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की ओपन पाठवली तर ही चार नावं बाहेर काढायला कुणालाही पाच सेकंद लागतील. एक क्लिक, एक डिलीट. चित्र करून पाठवली तर त्यांना पांढरी पट्टी तरी चिकटवावी लागेल, आणि पांढरी पट्टी गावाला दिसते.

मी अण्णांकडे बघितलं. त्यांनी काही म्हटलं नाही. साडेतीनशे रुपयांचा कीबोर्ड स्वतःकडे ओढला. डावी करंगळी कंट्रोलवर. ए. मग क्यू. तीनशे-साडेतीनशे नावांवर एकदम ठिपके उगवले, पाऊस पडून गेल्यावर तारेवर थेंब दिसतात तसे. ह्या वेळी त्यांनी नाव बदलूनच सेव्ह केलं, मी बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला पोराचा मेसेज आला. पत्रिका मस्त झालीय, अण्णांना नमस्कार सांगा. खाली दोन हात जोडलेले. मग पाच मिनिटांनी दुसरा: "ताई, पण अजून लॉकच हाय की."

मी लिहिलं, हो. अण्णांनी केलंय.